सर्वधर्म संवादाला रोजची जागा हवी

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

कुठे तणाव झाला, दगडफेक झाली, संचारबंदी लागली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात एक छायाचित्र हमखास येते. निरनिराळ्या धर्मांचे पुढारी हातात हात घालून उभे असतात, खाली 'शांततेचे आवाहन' असा मथळा असतो, आणि त्यानंतर त्या माणसांचे नाव पुढचा तणाव होईपर्यंत निघत नाही. असे छायाचित्र छापू नये, असे माझे म्हणणे नाही. भेदरलेल्या माणसाला त्याने थोडा धीर येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. पण धर्माधर्मांतला संवाद म्हणजे एवढेच, असा जो समज त्यातून पक्का होत चालला आहे, तो मला फार चिंतेचा वाटतो. म्हणून हे पत्र. ते जरा लांबले आहे, तरी आपण त्याला जागा द्यावी, ही विनंती.

मी गेली अकरा वर्षे एका लहानशा संवाद गटात जाते. आम्ही वीस-बावीस जण आहोत, पाच धर्मांचे, आणि दोघे कोणताच धर्म न मानणारे. महिन्यातून एकदा दोन तास बसतो. आमच्या हातून काही मोठे काम झाले आहे, असा दावा नाही. पण एवढ्या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा अनुभवास आली: ज्या दिवशी संवादाची गरज पडते, त्या दिवशी तो सुरू करता येत नाही. तो आधीपासून चालू असावा लागतो, आणि तोही धर्मग्रंथांतल्या सुवचनांवर कमी व शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या क्षुल्लक वाटणाऱ्या भांडणांवर जास्त.

दोन वर्षांपूर्वीची एक रात्र सांगते. साडेनऊच्या सुमारास मोबाइलवर एक चित्रफीत फिरू लागली. एका प्रार्थनास्थळाची विटंबना झाल्याचे तिच्यात दिसत होते आणि खाली आमच्याच भागाचे नाव टाकले होते. दहा मिनिटांत ती मला चार ठिकाणांहून आली. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षक आहेत. ते प्रार्थनास्थळ त्यांच्या धर्माचे नव्हे. पण तिथे रोज जाणारे एक गृहस्थ गटात आहेत, त्यांना शिक्षकांनी लगेच फोन लावला, आणि ते दोघे गटातल्याच तिसऱ्या धर्माच्या एका बाईंना बरोबर घेऊन तिथे पोहोचले. दाराला नेहमीचे कुलूप होते. राखणदाराने ते उघडून दिले. आत सगळे जागच्या जागी होते. त्या तिघांनी तिथेच उभे राहून, तारीख आणि वेळ मोठ्याने सांगत, एक साधी चित्रफीत काढली: आधी कुलूप, मग आतली जागा, मग स्वतःचे चेहरे. ती दोन्हीकडच्या लोकांना पाठवली आणि पोलिसांनाही कळवले. पावणेअकरापर्यंत कोपऱ्यावर जमलेली मुले पांगली. यात शौर्य गाजवण्यासारखे काही नव्हते. शिक्षकांकडे तो फोन नंबर होता, आणि पलीकडच्या माणसाने आवाज ओळखून पहिल्याच वाक्यावर विश्वास ठेवला. तो विश्वास मात्र त्या रात्री तयार झालेला नव्हता. गाड्या कुठे लावायच्या, ध्वनिक्षेपक किती वाजता बंद व्हायचा, रस्ता कोणी आणि किती वेळ अडवायचा, यांवरून आमच्यात झालेली कित्येक वर्षांची वादावादी त्याच्यामागे होती.

याच गोष्टीचे फार मोठे रूप सिएरा लिओनमध्ये दिसले. तिथे १९९१ पासून यादवी युद्ध चालू होते. मुस्लिम आणि ख्रिस्ती संघटनांनी मिळून एप्रिल १९९७ मध्ये आंतरधर्मीय परिषद स्थापन केली, आणि अवघ्या काही आठवड्यांत, मे महिन्यात, लष्करी बंड झाले. परिषद नवी होती, पण तिच्यातली माणसे परस्परांना आधीपासून ओळखत होती, आणि समाजही त्यांना ओळखत होता. म्हणून सरकारशीही बोलता येईल आणि बंडखोरांशीही बोलता येईल, असे जे थोडे लोक त्या देशात उरले होते, त्यांत ही परिषद होती. बंडखोरांच्या नेत्याला ती भेटली, पळवून नेलेल्या मुलांची सुटका तिने मागितली, आणि जुलै १९९९ मध्ये टोगोतल्या लोमे येथे सरकार आणि बंडखोरांत शांतता करार झाला तेव्हा त्यामागच्या वाटाघाटींतही तिचा हात होता. तो करार टिकला नाही, युद्ध संपायला २००२ उजाडले, हे खरे. पण बंड झाल्यावर अशी परिषद उभी करायची म्हटली असती, तर तिच्याशी कोण बोलले असते?

आता संवादात बोलायचे काय, या मुद्द्याकडे येते, कारण माझ्या मते खरी गफलत तिथेच होते. आमच्या गटाच्या पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक बैठक एकाच वाक्याने संपायची: सगळे धर्म शेवटी एकच शिकवतात. सगळे माना डोलवायचे. एकदा एक वयस्कर सदस्य, जे एरवी फारसे बोलत नसत, शांतपणे म्हणाले, ''तुम्ही दर वेळी हे म्हणता ना, तेव्हा मला वाटतं की माझ्या धर्मात वेगळं काय आहे ते ऐकून घ्यायचं तुम्ही टाळताय. मी जे मानतो ते तुम्ही मानत नाही. ते तसंच राहू द्या. पण मी काय मानतो ते तरी एकदा नीट ऐका.'' खोलीत कोणी काही बोलेना. मला स्वतःला त्या दिवशी लाज वाटली, कारण ते वाक्य सगळ्यात जास्त वेळा माझ्याच तोंडून गेले होते. त्यानंतर आम्ही ते वाक्य बैठकीत वापरायचे नाही, असे ठरवले, आणि मला वाटते आमचा संवाद त्या दिवशी सुरू झाला.

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. शिकागोची सर्वधर्म परिषद ११ सप्टेंबर १८९३ रोजी सुरू झाली आणि २७ सप्टेंबरपर्यंत चालली. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ती आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिचे निमंत्रण इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड बेन्सन, यांनी नाकारले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांचे म्हणणे असे होते की, ख्रिस्ती धर्म हाच एकमेव धर्म असे आपण मानतो. मग इतर धर्मांची बरोबरी गृहीत धरल्याखेरीज अशा परिषदेचा सदस्य कसे होता येईल? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजही अनेक प्रामाणिक श्रद्धाळू माणसे, निरनिराळ्या धर्मांतली, नेमक्या याच कारणाने संवादापासून दूर राहतात, आणि आपण त्यांना कर्मठ म्हणून मोकळे होतो. बेन्सन यांना माझे उत्तर असे राहील, की समोर बसलेल्या माणसाचा मान आपल्याइतकाच आहे, एवढेच संवादासाठी गृहीत धरावे लागते. त्याचे मत आपल्या मताइतकेच खरे आहे, असे मानण्याची अट तिथे नाही. ही अट आपण नकळत घालतो, आणि मग ज्यांच्याशी बोलणे सर्वांत गरजेचे आहे तेच लोक दाराबाहेर राहतात.

आपल्याच भाषेत संत एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आहे. सोळाव्या शतकातली ही रचना वाचताना आजचा वाचक दचकतो, कारण त्यातले दोघे एकमेकांच्या धर्मातली उणीदुणी काढतात, देवाविषयीच्या कल्पनांवर बोट ठेवतात, आणि भाषाही मऊ वापरत नाहीत. तरी कोणी उठून जात नाही. एकाचा प्रश्न, दुसऱ्याचे उत्तर, पुन्हा प्रश्न, असे करीत ते शेवटी समेटाला येतात. आजच्या व्यासपीठावर हे बोलायची सोय नाही, आणि कदाचित ती नसणे शहाणपणाचेही असेल. पण वाद आधी पुरता होऊ द्यावा, मग समेट, हा जो क्रम नाथांना दिसला, तो आपण उलटा केला आहे. आपण समेटापासून सुरुवात करतो आणि वाद घरी नेतो.

याची दुसरी बाजूही आहे. बोलायची मोकळीक म्हणजे वाटेल ते बोलायची मोकळीक नव्हे. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कोरवलेल्या बाराव्या शिलालेखात हा विचार मला सर्वांत नेमका सापडतो. गिरनारच्या पाठात 'वचिगुती' असा शब्द आहे, म्हणजे वाणीचा संयम. आपल्या पंथाची अवाजवी स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची अकारण निंदा करू नये, कारण तसे करणारा आपल्याच पंथाला इजा पोहोचवतो, असे तो लेख सांगतो, आणि 'समवायो एव साधु', एकत्र येणेच चांगले, असे म्हणून एकमेकांचा धर्म ऐकावा, सर्वांनी बहुश्रुत व्हावे, अशी अपेक्षा व्यक्त करतो. सगळे पंथ एकच आहेत असे अशोक म्हणत नाही. निरनिराळे आहेत म्हणूनच ऐकायचे आहे. विसाव्या शतकात स्टॉकहोमचे बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ मध्ये जवळपास हेच वेगळ्या शब्दांत मांडले. त्यांच्या शहरात एका अल्पसंख्य ख्रिस्ती पंथाच्या मंदिराला विरोध होत होता, तेव्हा त्यांनी सांगितले की दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा तर तो त्याच्या अनुयायांना विचारा, त्याच्या शत्रूंना नव्हे. आपल्याकडच्या उत्तमाची तुलना त्यांच्याकडच्या अधमाशी करू नका. आणि त्यांच्याकडचे काहीतरी आपल्याकडे असते तर बरे झाले असते, असे वाटण्याला मनात जागा ठेवा. यातला मधला नियम पाळणे किती कठीण आहे, हे मी दर महिन्याला अनुभवते. समोरच्याच्या धर्मातल्या एखाद्या हिंसक माणसाचे उदाहरण जिभेवर आलेले असते, आणि आपल्या बाजूने मात्र संतच आठवतात.

आता शेजार आणि संवाद यांतल्या फरकाविषयी. अनेक जण म्हणतात, वेगळे गट कशाला हवेत? लोक एकत्र राहतात, एकमेकांच्या सुखदुःखात जातात, तेवढे पुरे. मलाही पूर्वी तसेच वाटे. पण बोस्नियात निरनिराळ्या धर्मांची कुटुंबे एकाच इमारतीत राहत होती, त्यांच्यात सोयरिकी होत होत्या, आणि तरी १९९२ ते १९९५ या काळात तिथल्या युद्धात जे घडले ते जगाने पाहिले. मुस्लिम, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि ज्यू धर्मप्रमुखांची आंतरधर्मीय परिषद तिथे झाली ती १९९७ मध्ये, युद्ध संपल्यावर. हिंदू-मुस्लिम दंगलींचा अभ्यास करणारे राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सहा शहरांची जोडीजोडीने तुलना केली: दंगल वारंवार होणारे एक शहर आणि लोकसंख्येचे प्रमाण साधारण तसेच असूनही शांत राहणारे दुसरे. त्यांचा निष्कर्ष असा, की खेड्यात रोजचे जाणे-येणे पुरेसे ठरू शकते, पण शहरात ते पुरत नाही. तिथे दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या संघटना लागतात: व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, डॉक्टरांच्या, वाचनालयांच्या, पक्षांच्या. कारण अशा संघटनेतल्या माणसाला शांतता राखण्यात स्वतःचाही स्वार्थ असतो आणि अफवा खोडून काढायला माणसेही हाताशी असतात. भिवंडीचे उदाहरण याच संदर्भात दिले जाते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या त्या शहरात १९८८ पासून पोलिसांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या सुरू झाल्या. दोन्ही समाजांतले लोक त्यांत नियमाने भेटत राहिले, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मला यातली 'नियमाने' ही गोष्ट महत्त्वाची वाटते. चार-साडेचार वर्षे त्या बैठकांत सांगण्यासारखे काहीच घडले नसेल, असे दिवस पुष्कळ असणार.

मात्र एकत्र आणले की मने जुळतात, असा भाबडा विश्वासही कामाचा नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितले होते की निव्वळ संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत. दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, ध्येय समान हवे, ते सहकार्याने गाठायचे असावे, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा. इराकमध्ये युद्धाने विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत काही ठिकाणी मुस्लिम खेळाडू घालून एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मैदानावर फरक पडला: मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू पुढेही मुस्लिमांबरोबर सराव करायला तयार राहिले. मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांविषयी, तेवढा बदल दिसला नाही. म्हणजे ओळख झालेल्या माणसापुरती मैत्री होते, त्याच्या सगळ्या समाजाशी ती आपोआप होत नाही. आमच्या गटातही हे दिसते. 'तुम्ही वेगळे हो, तुमच्यातले बाकीचे तसे नाहीत,' हे वाक्य मी प्रत्येक धर्माच्या सदस्याकडून ऐकले आहे.

नायजेरियातल्या कडुना शहरातले पाद्री जेम्स वुये आणि इमाम मुहम्मद अशाफा यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. दोघेही एकेकाळी आपापल्या बाजूच्या तरुणांच्या टोळ्यांशी जोडलेले होते. १९९२ च्या हिंसाचारात वुये यांचा उजवा हात गेला. अशाफा यांचे गुरू आणि दोन भाऊबंद मारले गेले. १९९५ मध्ये एका पत्रकार मित्राने त्या दोघांची गाठ घालून दिली. आपण वर्तमानपत्राचे संपादक आहात, म्हणून हा तपशील मुद्दाम लिहिते. त्या भेटीत गळामिठी झाली नाही. मनात सूड किती काळ होता, हे दोघांनीही नंतर लपवलेले नाही. ते भेटत राहिले, वाद घालत राहिले, आणि त्यातून आंतरधर्मीय मध्यस्थी केंद्र उभे राहिले. पुढे ऑगस्ट २००२ मध्ये दोन्ही धर्मांच्या नेत्यांनी 'कडुना शांतता घोषणापत्रा'वर सह्या केल्या. आणि अवघ्या तीन महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, जागतिक सौंदर्यस्पर्धेवरच्या वर्तमानपत्रातल्या एका लेखातल्या मजकुराचे निमित्त होऊन त्याच शहरात दंगल उसळली. दोनशेहून अधिक माणसे मेली.

हे वाचून कोणी म्हणेल, मग उपयोग काय झाला? मला वाटते, घोषणापत्राला जेवढा अर्थ असतो तेवढाच होता; सह्या वरच्या माणसांच्या होत्या आणि दंगल गल्लीत झाली. पण वुये आणि अशाफा यांनी त्यानंतर काम सोडले नाही. पुढे येलवा आणि शेंडम या भागात मोठे हत्याकांड झाल्यावर त्यांनी तिथल्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवले आणि २००५ मध्ये समेट घडवून आणला. एका अपयशानंतर पुढच्या महिन्याची बैठक भरते की नाही, यावरून मी संवादाची किंमत ठरवते.

आणखी एका बाबतीत मला आमच्याच गटाचा दोष कबूल केला पाहिजे. एक तरुण सदस्य होता. त्याच्या भावाला जमावाने मारहाण केली, त्याचा कायमचा एक डोळा अधू झाला. तक्रार दिली गेली, तपास पुढे सरकला नाही. तो तरुण त्यानंतरही तीन-चार बैठकांना आला. आम्ही दर वेळी त्याला धीर धरायला सांगितले, क्षमेविषयी चांगले-चांगले बोललो, आणि एकदाही त्याच्याबरोबर जाऊन त्या तक्रारीचे काय झाले, असे विचारले नाही. तो यायचा थांबला. संवादाच्या नावाखाली आम्ही त्याच्याकडून गप्प बसण्याची मागणी करीत होतो, हे मला फार उशिरा कळले. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला न्यायाआधी हात मिळवायला सांगणे, ही शांतता बलवानाच्या सोयीची असते. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाने नोव्हेंबर १९९७ मध्ये धर्मसंस्थांसाठी वेगळी सुनावणी घेतली होती. ख्रिस्ती, मुस्लिम, ज्यू, हिंदू अशा अनेक धर्मांचे प्रतिनिधी तिथे आले आणि वर्णभेदाच्या काळात आपल्या संस्था कुठे गप्प राहिल्या, कुठे सामील झाल्या, याची कबुली अनेकांनी दिली. आपल्या धर्माचा मोठेपणा सांगणारी व्यासपीठे भरपूर आहेत. आपल्या धर्मसंस्थेचे चुकले, असे सांगायला माणसे एकत्र जमली आहेत, असे दृश्य मला फार दुर्मीळ आणि फार आश्वासक वाटते.

सर्वधर्म परिषदांच्या छायाचित्रांत स्त्रिया क्वचितच दिसतात, आणि याचे कारण उघड आहे: बहुतेक धर्मांत प्रमुखपदे पुरुषांकडे आहेत. जिथे धर्मप्रमुखच बोलावले जातात तिथे अर्धा समाज आपोआप वगळला जातो. लायबेरियात २००३ मध्ये वेगळे घडले. लेमा ग्बोवी आणि त्यांच्या सहकारी चर्चमधून स्त्रियांना युद्धाविरुद्ध एकत्र करीत असताना पोलीस दलातल्या असातू बाह केनेथ यांनी मुस्लिम स्त्रियांनाही सोबत आणण्याचा शब्द दिला, आणि तो पाळला. एकत्र प्रार्थना करायला सुरुवातीला काही जणींची तयारी नव्हती. बंदुकीची गोळी ख्रिस्ती कोण आणि मुस्लिम कोण हे पाहून लागते का, असा प्रश्न विचारत त्या एकमेकींची समजूत घालत राहिल्या. पांढरे कपडे घालून त्या उन्हापावसात रस्त्याकडेला बसल्या. आणि घानातल्या आक्रा शहरात शांततेच्या वाटाघाटी रेंगाळू लागल्या तेव्हा सभागृहाची वाट अडवून त्यांनी प्रतिनिधींना आत रोखून धरले. १८ ऑगस्ट २००३ रोजी शांतता करार झाला. ग्बोवी यांना २०११ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. त्या स्त्रियांपैकी कोणीही कोणत्या धर्माची अधिकृत प्रतिनिधी नव्हती, हे मी प्रत्येक आयोजकाला सांगू इच्छिते.

शेवटी आपल्या व्यवसायाविषयी, अधिकाराने नव्हे, तर वाचक म्हणून. कडुनाची दंगल एका लेखाच्या निमित्ताने झाली, म्हणून वर्तमानपत्राने धर्माविषयी लिहू नये, असा निष्कर्ष मी काढत नाही. चिकित्सा बंद झाली तर संवादही बंद होईल. चिकित्सा आणि चिथावणी यांतली रेषा ओळखण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये झालेल्या 'रबात कृती आराखड्या'त सहा कसोट्या दिल्या आहेत: विधान कोणत्या परिस्थितीत केले, कोणी केले, हेतू काय होता, मजकूर कसा होता, तो किती दूर पोहोचला, आणि त्यातून प्रत्यक्ष अपाय होण्याची शक्यता किती. कायद्यासाठी तयार झालेल्या या कसोट्या बातमी लिहिणाऱ्यालाही उपयोगी पडतील. गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचा धर्म कारण नसताना मथळ्यात येतो, तेव्हा सकाळी पेपर हातात घेतलेल्या एखाद्या घरातले बोलणे थांबते. आमच्या गटातल्या एका बाईंनी सांगितले होते की, अशा दिवशी त्या मुलांना शाळेत पोहोचवताना नेहमीच्या ओळखीच्या बायकांकडे आधी बघत नाहीत. समोरून कोणी हसले, तरच हसतात. मला हे तोपर्यंत ठाऊक नव्हते. मी त्याच ओळखीच्या बायकांपैकी एक आहे.

आपल्याकडे एक विनंती आहे. आमच्यासारखे गट अनेक ठिकाणी असतात आणि त्यांची बातमी होत नाही, कारण तिथे बातमीसारखे काही घडत नाही. तणाव नसताना, एखाद्या साध्या महिन्यात, आपण आपला वार्ताहर अशा बैठकीला पाठवावा, शक्य असेल तर नव्याने कामाला लागलेला. आमच्यापुढे सध्या एक विषय आहे: दोन प्रार्थनास्थळांच्या मधल्या अंधाऱ्या बोळात दिवा लावायचा, त्याची जोडणी कोणाच्या भिंतीवरून घ्यायची आणि विजेचे बिल कोणी भरायचे. मागच्या दोन्ही बैठकांत त्यावर आवाज चढले आणि निर्णय झाला नाही. या महिन्यात तो विषय पुन्हा पहिला ठेवला आहे.

आपली,
एक नियमित वाचक